सिनेमाला वन्समोर नसतो

“संगीत नाटक मेलं, नृसिंहपंत.” त्रेचाळीस साली संगमनेरच्या मोटारस्टँडवर तंबू-सिनेमाचे दानीएलराव नाटक कंपनीच्या मालकाला सांगत होते.

“तरीच काल तेराव्याला एवढी गर्दी. माणसं झाडावर बसली होती.”

“माझ्या तंबूत ऑपरेटर एकटाच होता. तुमच्याकडे आहे तरी काय?”

“वन्समोर. हे आमचे शरच्चंद्रबुवा एकच पद पाचदा गायले. तुमच्या पडद्यावरच्या बाईला वन्समोर दिला, तर ती मागं वळून तरी बघते का?”

“नाही बघत. पण तुमची कंपनी बंद पडणार म्हणत होते.”

“म्हणत होते. आजही हाउसफुल्ल आहे.”

“बुवा काहीच बोलत नाहीत ते?”

“घसा बसलाय. त्यांच्या पदाची तबकडी आहे आमच्याकडे. तुमच्या तंबूबाहेर वाजतो तो ग्रामोफोन तेवढा आजच्यापुरता द्याल का?”