धामणगावची बट्टी अन् सुलतानपूरचे रोडगे

...अन् वरून मलेच म्हनतात, "निवृत्तीमामा, आग तुमीच लावली!" आता तुमीच सांगा, म्या काय केलं? म्या इचारलं. बस! आमच्या सुलतानपुरात मानसानं काही इचारलं का लोकाइले वाटते, हा भांडाले आला. अरे, मले भांडाचं नव्हतं हो, मले फक्त समजून घ्याचं होतं!

तुमाले सांगतो, माही बहीन चांगुणा, तिची पोरगी कोकिळा. पोरगी कामाले तडफदार, बोलते मात्र कमी. आता घरात माह्यासारखा मामा असल्यावर तिच्या वाट्याले बोलनं येनार तरी किती? तं तिले स्थळ आलं पार धामणगाव बढ्याचं. पोरगा इंद्रभान, शाळेत मास्तर, वागाले सरळ, अन् फोटूत चक्क हसत होता. फोटू काढताना हसनारा मानूस म्या तं पहिल्यांदाच पाह्यला! चांगुणाले पसंत, दाजीले पसंत, कोकिळेनं तर तो फोटू गव्हाच्या डब्यात लपवून ठेवला, म्हंजे समजा.

मग पोराच्या बापाचं, गुलाबरावाचं पत्र आलं. "रविवारी सुपारी फोडाले येतो. संगं आमच्या थोरल्या बहीनबाई जनकाबाई येतात. घरात त्याइचाच शब्द चालते. त्याइले जेवनात बट्टी लागते."

चांगुणा म्हने, "दादा, बट्टी म्हंजे काय गा?"

आता महाराष्ट्र होऊन दोन वर्सं झाली होती, पेपरात रोज येत होतं का आपन सारे एक. अन् आमचा तं जिल्हाही एक! म्या इचार केला, धामणगाव खानदेशाले चिकटून, तिकडे रोडग्याले बट्टी म्हनत असतीन. म्हनलो, "रोडगेच ते! कर बिनधास्त!"

झालं! रविवारी अंगनात गोवऱ्या पेटल्या, गव्हाच्या जाड्या पिठाचे गोळे आरात गेले, खरपूस भाजले, फडक्यानं राख झटकली, ताटात आले. वांग्याची भाजी, वरन, वर तुपाची धार... गुलाबरावानं तं बसल्याबरोबर दोन रोडगे कुस्करले. अन् जनकाबाई? तिनं एक रोडगा उचलला, उलटा केला, सुलटा केला, कानापाशी नेऊन वाजवला.

"हे काय हाये?"

चांगुणा म्हने, "बट्टी, आत्याबाई."

"ही बट्टी? अवो बट्टी शिजवा लागते, कापा लागते, मंग तेलात तया लागते! हा तं राखीतला गोया हाये गोया!"

आता मानसानं गप बसाव का नाई? पन मले राहवतच नाई! म्या आपलं भोळेपनानं इचारलं, "आत्याबाई, शिजवलं, कापलं, वरून तळलं... मग त्याची चव राह्यते कुठं?"

देवाशपथ सांगतो, मले भांडाचं नव्हतं, मले फक्त समजून घ्याचं होतं! पन जनकाबाईनं ताट सरकवलं. "गुलाब, ऊठ! ज्या घरात बट्टी समजत नाई, त्या घरात सोयरीक करनं नाई!"

गुलाबरावाच्या तोंडात घास. उठाव तं घास जाते, बसाव तं बहीन जाते! बिचारा अर्धा उठला अन् तसाच चावत राह्यला. चांगुणाच्या डोळ्याले पानी. दाजी माह्याकडे असे पाहून राह्यले का जसा पीठ मळाले मीच बसलो होतो. अन् माजघराच्या दारात कोकिळा... तिचा चेहरा एवढासा झालेला. पोरीचं लग्न, अन् कशाच्या पायी मोडून राह्यलं, तं कनकीच्या गोळ्यापायी!

त्यात आमचे ग्रामसेवक पंगतीले होते, पुन्याकडचे. ते हात धुवून हसत पुढं आले. "अहो, वाद कशाला घालताय? हा पदार्थ मुळात ना तुमचा, ना त्यांचा. ही राजस्थानातली बाटी!"

 जनकाबाईनं त्याइच्याकडे मान वळवली. "तुमच्याकडे वरनात गूळ घालतात म्हने. खरं हाये काय?"

"चिमूटभर," ते म्हनले.

"वरनात? गूळ?" हे कोन म्हनलं? आमचे दाजी! जे सकाळपासून बोलले नव्हते! "काऊन पन? वरनानं तुमचं काय वाकडं केलं?" मग गुलाबराव घास गिळून म्हनले, "पोरंसोरं आजारी पडत असतीन." जनकाबाई म्हने, "नाई तं काय!" पाह्य बरं, धामणगाव अन् सुलतानपूर एका घडीत एक झालं! ग्रामसेवक चप्पल घालून गेले सुद्धा. मले तं त्याइच्यामागं जाऊन इचारायचं होतं का गूळ फोडनीच्या आधी का नंतर... मले खरंच समजून घ्याचं होतं! पन चांगुणानं सदऱ्याले धरून खाली बसवलं.

पन असा एका चिमटीवर एकोपा किती वेळ टिकनार? जनकाबाईनं पुन्हा पदर खोचला. "चाल, गुलाब."

तवा कोकिळा बाहेर आली. म्हने, "आत्याबाई, मेहकरची गाडी चार वाजता हाये. तवर मले बट्टी शिकवा."

बस, एवढंच. जनकाबाईनं तिच्याकडे पाह्यलं. म्हातारी आत गेली. म्या दारात उभा. आता एवढी बट्टी व्हायची अन् मी पाहू नये?

आत गेल्यावर जनकाबाईनं मक्याचं पीठ मागितलं. सुलतानपुरात मका कुठला? मग नुसत्या गव्हाच्या पिठाचे गोळे मळले, उकडले, कापले, कढईत सोडले. बाहेर काढले अन् एक ताटात पडला... खण्णकन! असा आवाज आला का अंगनातलं कुत्रं उठून बसलं. जनकाबाईनं बोटानं दाबून पाह्यलं. दगड! चेहरा असा उतरला बिचारीचा... हयातभर जे हातात होतं तेच ऐनवेळी हातातून जाते, तवा मानसाले कसं वाटते, ते म्या तवा पाह्यलं. अन् पहिल्यांदाच मले काही इचारावं वाटलं नाई.

कोकिळा पुढं झाली. तिनं त्या बट्ट्या खलबत्त्यात घातल्या, ठेचल्या, उकळत्या वरनात टाकल्या, वर झाकन. थोड्या वेळानं मऊसूत झाल्यावर तूप सोडलं अन् ताट नेऊन गुलाबरावापुढं ठेवलं. "आत्याबाईनं केल्या."

गुलाबरावानं घास घेतला, डोळे मिटले. "हाव! याले म्हनतात बट्टी!"

जनकाबाई पोरीकडे पाहतच राह्यली. मंग पदरानं तोंड पुसलं अन् म्हने, "गुलाब, सुपारी फोड."

फुटली सुपारी! दोन महिन्यानं लगीन झालं, कोकिळा धामणगावले गेली. पन तुमाले सांगतो, माह्या जिवाले चैन नाई. कारन ती ठेचलेली बट्टीसुद्धा माह्यापर्यंत आलीच नाई, पाहुन्यात संपली! खरी बट्टी लागते तरी कशी? मले समजून घ्याचंच होतं!

म्हनून परवा निघालो. सुलतानपूर, मेहकर, चिखली, बुलढाना, मोताळा... गाड्या बदलता बदलता कंबर ढिली झाली. सकाळपासून पोटात अन्नाचा कन नाई, बट्टीसाठी जागा ठेवली होती! धामणगावात पोचलो. जावई फोटूतल्यासारखाच हसत समोर आला, कोकिळा तं अशी खुशीत का तिले पाहून अर्धी भूक तिथंच गेली. जनकाबाईनं सोता पाट मांडला. "बसा मामा, तुमच्यासाठी खास बेत हाये!"

ताट आलं. पाह्यतो तं काय... रोडगे! आरात भाजलेले, राख झटकलेले, तुपात भिजलेले रोडगे!

म्या म्हनलो, "आत्याबाई, बट्टी?"

"बट्टी कोन खाते आता?" जनकाबाई म्हने. "कोकिळा आल्यापासून घरात हेच चालते. घ्या, दाबून जेवा! असे अस्सल रोडगे फक्त आमच्या धामणगावातच भेटतात, तुमच्या सुलतानपूरवाल्याइले ते कुठं जमतात!"

आता काय बोलता? म्या म्हनलो, "खरं हाये आत्याबाई... वाढा अजून एक."