मारुतीरावांनी कॉलेज निवडलं

...आणि वर तोंड करून म्हणायचं काय, तर स्वस्त पण पायजे आणि चांगलं पण पायजे! अहो, मंडईत वांगी घ्यायला गेलं तरी दोन्ही एका पाटीत गावत न्हाईत, आणि हे निघाले कॉलेज घ्यायला... ते पण विम्याचं!

तुम्हाला सांगतो, आमच्या निपाणीत मारुतीराव म्हणजे विम्यातला जुना माणूस, तीस वर्षं एजंट, आणि आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळं मला सगळं ऐकू येतं, आणि जे ऐकू येत न्हाय ते त्यांच्या मंडळी जयाबाई आमच्या दारात बसून सांगून जातात. ह्या माणसानं गावात कुणाला सोडलं न्हाय हो! बारशाला गेले, पॉलिसी. लग्नाला गेले, अक्षता पडायच्या आधी नवरदेवाच्या कानात पॉलिसी. मयताला गेले की उरलेल्यांच्या तोंडाकडं असं बघायचे की माणसं रडायची सोडून खिसा घट्ट धरायची. आणि वाक्य एकच. आवाज खाली आणायचा, डोळे अर्धे मिटायचे, आणि म्हणायचं, "देव करो आणि तसं न होवो, पण उद्या तुमचं काय झालं तर?" संपलं! समोरचा माणूस गार. त्याला आपली बायको पांढऱ्या कपाळानं दिसायला लागायची, आणि तेवढ्यात ह्यांनी पेनाचं टोपण काढल्यालं असायचं.

फॉर्म हेच भरायचे. नाव, वय, गाव... आणि मग आजाराचा रकाना आला की समोरचा चाचरत म्हणायचा, तशी जरा शुगर हाय. हे हात झटकायचे, शुगर काय आजार हाय व्हय, निपाणीत पाण्यालाच शुगर हाय, लिहितो न्हाय म्हणून. वाचायला काय हाय त्यात, करा सही. ह्यांना स्वतःला बारा वर्षं शुगर, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, पण ह्यांच्या फॉर्मवर अख्खं निपाणी ठणठणीत!

तर अशा माणसाची पोरगी पूर्णिमा. बारावी कॉमर्स, मार्क असे की आमच्या गल्लीतल्या आयांनी आपापल्या पोरांना त्यावरनं धुतलं. ती म्हणाली, आप्पा, मला विमाच शिकायचाय, पण नीट, डिग्री घेऊन. लोकांना घाबरवायचं न्हाय, धोका मोजायचा, दावे तपासायचे. आता हे बापाच्या तोंडावर बोलायचं काय नडलंतं? पण बोलली. आणि बोलून थांबली न्हाय, पुण्याच्या एका जुन्या कॉलेजात अर्ज टाकला, आणि सीमाभागातल्या मराठी पोरांना महाराष्ट्रात थोड्या जागा राखल्याल्या असतात बघा, त्यातली एक जागा तिला लागली पण. शनिवारी संध्याकाळपर्यंत फी भरायची, न्हाईतर जागा पुढच्याला.

दुसरा बाप असता तर पेढे वाटले असते. मारुतीराव म्हणाले, पुणं? हॉस्टेल? खानावळ? आपल्या भागात काय कॉलेजं मेलीत? मी बघतो. स्वस्त पण पायजे आणि चांगलं पण पायजे.

आणि निघाले की हो पोरीला स्कूटरवर मागं बसवून! जसं काय स्थळ बघायला. संकेश्वराकडं एक बघितलं, ते स्वस्त होतं, लईच स्वस्त होतं, कारण तिथं प्राचार्य आणि शिपाई एकच माणूस होता, घंटा पण त्यानंच दिली. कोल्हापूरला एक बघितलं, चांगलं होतं, फी ऐकून मारुतीरावांनी तिथलंच पाणी मागितलं. बेळगावात कॅम्पातल्या एका कॉलेजात तर मास्तरणीला म्हणाले, बाई, आम्ही पार्टीला पहिल्या हप्त्यात आमच्या कमिशनातनं सूट देतो, तुम्ही आम्हाला काय सोडता? मास्तरणीनं त्यांना गेट कुठं हाय ते इंग्रजीत सांगितलं. पूर्णिमा बिचारी चपलेकडं बघत उभी. आली शनिवारची दुपार. ती म्हणाली, आप्पा, अजून चार तास हैत, मोबाइलवरनंच पुण्याची फी भरूया की. हे म्हणाले, एवढं इथलंच, बेळगावच्या खासबागातलं एक बघू आणि मग ठरवू.

खासबागात खाली यंत्रमाग आणि वर कॉलेज. खाली माग चालू झाला की वरच्या टेबलावरचा पेला आपोआप सरकत कडेला यायचा. पण पाटी बघाल तर थेट विमानतळाला शोभणारी! आणि टेबलामागं एक पोरगी, पंचविशीची, साधी, गोड बोलणारी. या काका, बसा काका, निपाणीचे न्हवं काका. गार पाणी दिलं. मारुतीराव खूश.

ही पोरगी कोण, सांगू? दिपाली. हरिभाऊची थोरली. दहा-बारा वर्षांमागं हरिभाऊ तंबाखूच्या वखारीत मुनीम होता, शुगर होती, मारुतीरावांनी "न्हाय" म्हणून लिहिलं, आणि वर्ष भरायच्या आत हरिभाऊ गेला. कंपनीनं दवाखान्याची जुनी कागदं काढली आणि दावा फेकून दिला. हरिभाऊची बायको रुक्माबाई पोरीला घेऊन मारुतीरावांच्या दारात आली, मी भिंतीपलीकडनं ऐकलं, रडत न्हवती, नुसतं विचारत होती की भावजी, आता काय करू. हे आरामखुर्चीतनं उठले सुद्धा न्हाईत. म्हणाले, "वहिनी, सही कुणाची हाय? वाचून करायची होती." आणि ती पायरी उतरायला लागल्यावर, तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला, हे मागनं म्हणाले, तुमच्या नावानं एक लहानशी काढून ठेवूया का?

तर ती दिपाली. तिचं शिक्षण तिथंच थांबलं. तिनं ह्यांना दारातच ओळखलं, ह्यांनी तिला ओळखलं न्हाय. कशी ओळखणार? गिऱ्हाईक सही करून गेलं की त्याचं तोंड लक्षात ठेवायची ह्यांना सवयच न्हाय!

तिनं पुण्याचं सगळं ऐकून घेतलं. पुणं चांगलंच, म्हणाली, तीन वर्षं लागतील, पोरगी लांब राहील. आणि मग आवाज खाली आणला, डोळे अर्धे मिटले. "देव करो आणि तसं न होवो काका, पण उद्या तुमचं काय झालं तर? पोरीचं शिक्षण अर्ध्यात. आमच्यात फी थोडी, आणि पोरगी लवकर कमवायला लागते."

तुम्ही म्हणाल, स्वतःचं वाक्य ह्यांनी ओळखलं नसंल. ओळखलं हो! उलट पोरीला म्हणाले, बघ, हिला म्हणतात शिकलेली. आणि भ्याले! तीस वर्षं दुसऱ्याला पाजलेलं औषध पहिल्यांदा स्वतःच्या घशात गेलं आणि माणूस घामानं भिजला. पूर्णिमा म्हणाली, आप्पा, प्रवेशाचा कागद वाचू दे की मला. दिपाली पण म्हणाली, वाचून घ्या काका, सगळं लिहिलंय त्यात. खोटं बोलली न्हाय हां ती, एक अक्षर खोटं बोलली न्हाय! ह्यांनी पोरीचा हात बाजूला केला. वाचायला काय हाय त्यात? आणि सही ठोकली, फी भरली, आणि परत येताना वाटेत संकेश्वरला भजी खाल्ली, स्वस्त पण मिळालं आणि चांगलं पण मिळालं म्हणून. पुण्याची जागा त्या भज्यांच्या वेळेत गेली.

रविवारी सकाळी पूर्णिमानं कागद वाचला. एकदा वाचला, मग आईला वाचून दाखवला. डिग्री न्हाय, काय न्हाय. सहा महिन्यांचा वर्ग, आणि तो संपला की एजंटाच्या परीक्षेला बसायची तयारी झाली असं धरायचं. म्हणजे मारुतीराव दहावीवर जी परीक्षा पास झालते, तीच! भरलेली फी परत मिळणार न्हाय, हे पण लिहिलंतं, ठळक. पोरगी उठून आतल्या खोलीत गेली. भिंतीपलीकडनं मला फक्त दार लावल्याचा आवाज आला, आणि दुपारी जेवणाचं ताट तसंच परत आलं, असं जयाबाई म्हणाल्या.

सोमवारी हे खासबागात जाऊन टेबलावर मुठी आपटायला लागले. दिपालीनं सगळं आपटून होऊ दिलं. मग कागद त्यांच्याकडं फिरवला आणि म्हणाली, "काका, सही कुणाची हाय? वाचून करायची होती." तेव्हा कुठं ह्यांना पायरी आठवली, आणि पायरीवरची बाई आठवली, आणि तिच्या पदराला धरून उभी असल्याली पोरगी आठवली. मुठी सोडल्या आणि जिना उतरले.

तुम्ही म्हणाल, ह्यात पूर्णिमाचा काय दोष? काहीच न्हाय. दिपालीचा तरी काय होता? मला विचारू नका, मी नुसता शेजारी.

पुढच्या वर्षी पुण्याला परत अर्ज टाक, असं मी पूर्णिमाला म्हणालो. ती म्हणाली, काका, भरलेली फी वाया घालवायची न्हाय असं आप्पा म्हणतात. जाते रोज खासबागाला, बसनं. आता बोलताना आवाज खाली आणते. मी सांगतो, तिच्या समोर बसायची भीती वाटायला लागली हाय मला.

परवा तिचा सराव होता, घरातल्याच कुणाची तरी पॉलिसी काढायची. बापाला समोर बसवलं. मी दारातच होतो. मारुतीरावांनी नुकतीच शुगरची गोळी तोंडात टाकलीती, पाण्याचा पेला अजून हातात. तिनं विचारलं नाव, वय, गाव... मग विचारलं, "आजार?"

तीस वर्षांची सवय हो! गोळी गिळली आणि म्हणाले, "लिही, न्हाय म्हणून."

पूर्णिमानं त्यांच्याकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं, आणि लिहिलं, न्हाय. कागद फिरवला, पेनाचं टोपण काढून हातात दिलं. "सही करा आप्पा. वाचायचंय का?"

मारुतीरावांनी सही केली.

शिकली की हो पोरगी. स्वस्तात शिकली... आणि चांगली शिकली.