उजवा दिवा लागल्याने हिवरखेडीस गेलेल्या वऱ्हाडाबाबत

दि. १३ मे १९८६

मी चंद्रभान मारोतराव खटिंग, वय ३४ वर्षे, धंदा मोटार चालवणे, राहणार झरी, तालुका जिल्हा परभणी, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी बायको-लेकरांसह राहतो. झरीचे दत्तराव यांच्या ॲम्बेसिडर मोटारीवर मी ड्रायव्हर आहे. लग्नसराईत मोटार नवरदेवासाठी जाते.

मागच्या महिन्यात सेलूच्या कापूसबाजारात मोटार उभी असताना एका बैलाने मागून शिंगे मारली. मागचा पत्रा चेपला, दिवे फुटले आणि वायरी तुटल्या. बैलाचा मालक सापडला नाही. पत्रा ठोकून, नवा रंग मारून, सगळी वायरिंग सेलूचे मिस्त्री बन्सीधर यांच्याकडून नवी करून घेतली. तेव्हापासून मोटार दिवसाच चालवली होती.

काल अक्षय तृतीया असल्याने गावोगाव लग्ने होती. आमच्या गावचे मेंढ्यांचे मालक येडबा यांचे लग्न बोरटाकळी येथील भुजंगराव यांची मुलगी मनकर्णा हिच्याशी गोरज मुहूर्तावर होते. मोटारीत नवरदेव आणि सोयरीक जमवायला गेलेली चार जाणती माणसे बसली. बाकीचे वऱ्हाड मागून टेम्पोत होते. टेम्पोत नवरदेवाच्या आत्या म्हाळसाबाई होत्या. मंगळसूत्र आणि नवरीचा शालू त्यांच्या पिशवीत होता. टेम्पोचा ड्रायव्हर परगावचा असल्याने मी त्याला सांगितले की, माझ्या मागे ये, मी ज्या बाजूचा दिवा दाखवीन तिकडे वळ.

फाट्यावर डावीकडचा रस्ता बोरटाकळीला आणि उजवीकडचा हिवरखेडीला जातो. मी डावीकडचा दिवा टाकून डावीकडे वळलो. रस्ता कच्चा असून फुफाटा फार होता. टेम्पोवाल्याला मोटार दिसली नाही, फक्त पिवळा दिवा उघडझाप करताना दिसला. तो उजवा होता. टेम्पो हिवरखेडीला गेला.

हिवरखेडीत फिर्यादी रंगनाथ यांच्या मुलीचे लग्न होते व मुलाकडचे पाहुणे अजून यायचे होते. म्हाळसाबाईंनी मला सांगितले ते असे. टेम्पो थांबताच वाजंत्री लागली. बायांनी पाय धुतले, कुंकू लावले आणि आधी जेवून घ्या असा आग्रह केला. नवरदेव दिसला नाही तेव्हा तो मारुतीच्या देवळात टेकला असेल असे सर्वांनी धरले. बोरटाकळी आधी पाहिलेला एकही माणूस टेम्पोत नव्हता. बुंदी चांगली होती असेही म्हाळसाबाईंनी सांगितले.

इकडे बोरटाकळीत नवरदेव देवळात बसला. टेम्पो येईना. भुजंगराव दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा त्यांनी पाण्याचे विचारले, दुसऱ्यांदा काही विचारले नाही. मुलाकडच्यांनी लग्न मोडले अशी कुजबुज गावात सुरू झाली. आमच्यातली चार जाणती माणसे चप्पल शोधू लागली. अंधारून येत होते. मी टेम्पो शोधायला निघालो आणि दिवे लावले. ब्रेकवर पाय दिला की मागचे लाल दिवे विझत आणि दोन्ही पिवळे दिवे मिणमिणत. नवरदेवाने ते देवळाच्या पायरीवरून पाहून मला थांबवले व तो स्वतः खाली आला. त्याच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार होती. लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही असे त्याला आत्याने बजावले होते.

मी आत बसून एकेक बटण टाकत होतो आणि तो मोटारीपुढे उभा राहून सांगत होता. मी डावा टाकला, तो म्हणाला डावा लागला. मी उजवा टाकला, तो म्हणाला उजवा लागला. म्हणून त्यात दोष नाही असे आम्ही ठरवले.

तेवढ्यात नवरदेव कट्यार घेऊन मोटारीपाशी गेला, म्हणजे पळून चालला, असे कोणीतरी मांडवात सांगितले. ते ऐकून नवरी मनकर्णा हळदीच्या लुगड्यावर, हातात बॅटरी घेऊन, मावशी सुलाबाई यांच्यासह तेथे आली. तिने बॅटरीचा उजेड नवरदेवाच्या तोंडावर धरला आणि विचारले, "पळून जायलाव का?"

नवरदेव म्हणाला, "न्हाई. बत्ती बघायलोय."

तिने उजेड त्याच्या तोंडावरून काढून मोटारीच्या दिव्यांवर नेला. मग म्हणाली, "तुमी मोटारीकडं तोंड करून हुबे हाव. तुमचा डावा त्यो मोटारीचा उजवा."

सुलाबाईंनी तिला गप्प केले. मी खाली उतरून पाहिले, तर ती म्हणत होती तसेच होते.

विचारल्यावरून सांगतो की, सेलूला मिस्त्री बन्सीधर यांनी वायरी आधी बरोबर जोडल्या होत्या. नंतर तपासताना कोणीतरी मोटारीकडे तोंड करून उभे राहिले आणि वायरी उलट्या लागल्या म्हणून बदलायला लावल्या. कोण उभे होते ते मला आठवत नाही. पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, मी आत बसलो होतो आणि मिस्त्री स्टिअरिंगखाली होते. तिसरे माणूस मोटारीचे मालक दत्तरावच होते.

मी स्टिअरिंगखालच्या दोन्ही वायरींची अदलाबदल केली. मागच्या दिव्यांचा दोष वेगळा होता. त्यांची अर्थिंगची वायर पत्र्याला स्क्रूने पक्की करतात, ती नव्या रंगावरच कसली होती. रंग मध्ये आल्याने करंट वाट मिळेल तिकडे फिरत होता. रंग खरवडायला हत्यार नव्हते. नवरदेवाने लिंबू काढून नवरीच्या हातात दिले आणि मोटारीमागे उकिडवे बसून कट्यारीने रंग खरवडला. नवरीने बॅटरी धरली. दोघांमध्ये काही बोलणे झाले, ते मी ऐकले नाही. मी मोटारीखाली होतो. स्क्रू कसल्यानंतरही ते दोघे काही वेळ तेथेच होते, म्हणून मीही मोटारीखालीच राहिलो. शेवटी सुलाबाई खोकल्या.

त्यानंतर सर्व दिवे बरोबर लागले. फाट्यावर टेम्पोच्या चाकांचे ठसे उजवीकडे गेलेले दिसले, म्हणून मी हिवरखेडीला गेलो. तेथे फिर्यादीचे खरे पाहुणे नुकतेच आले होते. त्यांचा ट्रॅक्टर ओढ्यात फसल्याने त्यांना उशीर झाला होता. आमचे वऱ्हाड सुपारी कातरत बसले होते आणि बुंदी संपली होती. फिर्यादींनी माझी गचांडी धरली. मी मुद्दाम उजवा दिवा दाखवून माणसे जेवायला घुसवली असे ते म्हणाले व त्यांनी भावाला सायकलवर ठाण्याकडे पाठवले. एका पाहुण्याचा फेटा सुटला. याखेरीज मारहाण झाली नाही.

त्या वेळी म्हाळसाबाई मध्ये येऊन फिर्यादींना म्हणाल्या, "आमी खाल्लं, कबूल. आता ते वापस देता यायचं न्हाई. तुमच्या पोरीच्या अक्षता पडू द्या आन् समदे बोरटाकळीला चला. तिथलं रांधलेलं तसंच हाय, आमच्या मान्सांच्या पोटात जागा न्हाई."

फिर्यादींनी माझी गचांडी सोडली. मग त्यांनी मंडपातून टेम्पोत अंथरायला सतरंजी आणवली. मी म्हाळसाबाईंना पिशवीसह बोरटाकळीला आणले. गोरज टळली होती, पण भटजींनी पुढचा मुहूर्त काढला व लग्न लागले. हिवरखेडीचे पाहुणे टेम्पोने येऊन बोरटाकळीत जेवले. भुजंगराव स्वतः वाढत होते.

मी मुद्दाम खोटा दिवा दाखवलेला नाही. फिर्यादींशी माझे पूर्वीचे वैर नाही.

आज सकाळी ठाण्याच्या ओसरीत फिर्यादी रंगनाथ मला भेटले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "फिर्याद फिर्यादीच्या जागी. परवा पोरीला सासरहून आणायचंय. मोटार मोकळी हाय का?" मी होय म्हणालो आहे.

वरील मजकूर जमादारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, त्यात कमी-जास्त काही नाही, म्हणून खाली सही करतो.

समक्ष, ठाणे अंमलदार
सही — चंद्रभान मारोतराव खटिंग