लिफ्टमधल्या नाचाबाबत

नाव: सुधीर केशव परचुरे, वय ६४ वर्षे, धंदा: सेवानिवृत्त, सध्या सोसायटीचा सेक्रेटरी, रा. ठाकुर्ली पूर्व, ता. कल्याण, जि. ठाणे.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी सरोज हिच्यासह राहतो. सोसायटीत कॅमेरे मी बसवले. कोणी कुंडीत थुंकले की त्याचा फोटो मी ग्रुपवर टाकतो व खाली लिहितो, 'हे गृहस्थ कोण?' त्याने शिस्त लागली आहे. लोक मला नारदमुनी म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही.

तिसऱ्या मजल्यावरील वल्लरी साने ही कलाशाखेची विद्यार्थिनी. आपल्यावर कोणाची नजर असते, या विषयावर सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचे म्हणून तिने कॅमेऱ्यांचा पासवर्ड मागितला. मुलगी गुणी, म्हणून दिला. जो संमती देईल त्याचेच चित्रण दाखवीन, असे ती म्हणाली व एक कागद पुढे केला. मी न वाचता सही केली.

काल रविवारी हॉलमधल्या पडद्यावर मीच होतो. लिफ्टमध्ये भाजीची पिशवी घेऊन नाचत होतो. दार उघडले की नाच थांबवून घड्याळ पाहत होतो. असे अनेक दिवसांचे नाच जोडलेले होते. लिफ्टमध्ये कॅमेरा आहे हे मला माहीत होते. पण कॅमेरा बघणारा मी, आणि मीच लिफ्टमध्ये, मग बघणार कोण, असा माझा समज होता. खाली पाटी होती, 'हे गृहस्थ कोण?' लोक हसून लोटपोट झाले. अब्रूचे खोबरे झाले म्हणून मी तिथूनच येऊन अर्ज दिला.

सरोज हसली नव्हती. घरी गेल्यावर म्हणाली, "अहो, लग्नाला पस्तीस वर्षं झाली. माझ्यासमोर कधी नाचला नाहीत."

दूध आणतो म्हणून निघालो. ती म्हणाली, "थांबा, मी पण येते." लिफ्टचे दार लागताच तिने पदर खोचला. आम्ही बऱ्याच वेळा खालीवर केले. दूध राहिले. इतका आनंद मला कैक वर्षांत झाला नव्हता, असे लिहून घ्यावे.

वल्लरीविरुद्ध आता माझी तक्रार नाही. मात्र कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. तरी कालचे लिफ्टमधील चित्रण पुरावा म्हणून जप्त करून जपून ठेवावे व एक प्रत सरोजला द्यावी, ही विनंती.

हवालदारसाहेबांनी जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. वाचताना ते मध्येच हसले, त्यास माझी हरकत नाही.

सही/-
सु. के. परचुरे