खिडकीपर्यंतचं पाणी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी बसलेले आपल्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, उन्हातून वाट काढत आलेले पाणी खात्याचे मोठे साहेब, पाणी समितीचे चिटणीस आणि सभासद, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती म्हणजे आपले टाकीकाका, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक, आणि पंख्याखालची जागा मिळालेल्या व न मिळालेल्या सर्व बंधू-भगिनींनो,

मी शिवणकाम करणारी बाई. माझं आयुष्य तोंडात टाचण्या धरून गेलं, त्यामुळे लांब बोलायची सवय नाही. चिटणीस घरी आले, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि म्हणाले, काकांबद्दल चार चांगले शब्द तुम्ही बोललात तर बरं दिसेल. बरं दिसेल, हे त्यांचे शब्द. मी हो म्हटलं. तरी जाताना त्यांनी दारातून पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

टाकीकाकांची ओळख तुम्हाला काय करून द्यायची? वस्तीत एकही घर नसेल, जिथे त्यांनी कधी भांडण केलं नाही. उन्हाळा लागला, वरच्या झऱ्याची धार करंगळीएवढी झाली की त्यांचा आवाज चढायचा. काठीने टाकीच्या भिंतीवर टकटक करत ते पाणी कुठवर आहे ते ऐकायचे, आणि मग गल्लीतून फिरताना आधी तुमच्या दोरीवरचे कपडे बघायचे. चादरी वाळत दिसल्या की संपलंच. चादर धुवायचा हा महिना आहे का, असं दारातून विचारायचे. आमच्याकडे कापड बिनधुतलेलं येतं, म्हणून आम्ही तेवढे वाचलो.

भांडणाचं खरं कारण मात्र एकच असायचं. टाकीतलं तळाचं पाणी ते सोडत नसत. ते आगीचं पाणी. डोंगरउतारावरचं गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, एक ठिणगी पुरते, म्हणून टाकी निम्म्यावर आली की सकाळचा नळ आखडायचा आणि उरलेलं राखायचं. आपण त्यांना काय काय बोललो ते आज या चांगल्या प्रसंगी आठवायला नको. माझे यजमानसुद्धा बोलले होते. पाणी डोळ्यांनी बघायला ठेवलंय का, असं म्हणाले होते.

साहेब पाहुणे आहेत, म्हणून एक गोष्ट उलगडून सांगते. आमच्याकडे मोठी पाइपलाइन एकच. घरचे नळ तिच्यावर आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचे आगीचे नळही तिच्यावरच. एरवी टाकीचा मोठा वॉल्व्ह बंद, सकाळी नळापुरता तेवढा थोडा उघडतात. आग लागली की काका भोंगा वाजवणार आणि वॉल्व्ह पूर्ण उघडणार. भोंगा ऐकला की प्रत्येक घराने फाटकाजवळचा आपला कॉक बंद करायचा, म्हणजे सगळा जोर आगीच्या नळाला मिळतो. इतकं साधं आहे. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर काका तेलाची कुपी घेऊन घरोघर यायचे, कॉकला तेल घालायचे आणि आपल्याला समोर उभं करून तो बंद करायला लावायचे. आजीबाईंनाही सोडायचे नाहीत. या परीक्षेत आपल्यापैकी कुणी नापास झाल्याचं मला आठवत नाही.

त्या उन्हाळ्याबद्दल मी थोडक्यात सांगते. तुम्हाला तो माहीत आहे.

दुपार होती. उतारावरची आग वाऱ्याने खाली आली आणि आमच्या घराच्या पत्र्याखाली शिरली. वरच्या मजल्यावर दुकानाचा माल होता, म्हणजे तुमचे कपडे. आम्ही दोघंही बाहेर पडलो होतो. मग यजमान मागे वळले. लग्नाचे कपडे आहेत गं वर, म्हणाले, आणि जिना चढले. ते कसे होते ते तुम्ही जाणता. तारीख चुकवतील, पण बिनइस्त्रीचा कपडा कुणाला देणार नाहीत. खिडकीतून त्यांनी एकेक गठ्ठा खाली टाकला. टाकताना कुणाचा कोट ते ओरडून सांगत होते. त्यातले काही कपडे आज या सभागृहात आहेत. मघाशी आत येताना मला दोन दिसले. चांगले टिकलेत.

तोवर जिना पेटला. भोंगा वाजत होता. कोपऱ्यावरच्या आगीच्या नळाला पाइप जोडला होता, सुतारदादांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. पाण्याची पहिली उसळी वरपर्यंत गेली. मी बघितली, खिडकीच्या चौकटीला पाणी लागलं. आणि मग धार खाली आली. दाराच्या उंचीवर आली, मग सुतारदादांच्या पायाशी पडायला लागली. पाइप हातात मऊ पडला.

चौकशी याच सभागृहात झाली. साहेब, आपण तेव्हा तिथेच बसला होतात, तेव्हा टेबलावर फुलं नव्हती इतकंच. काकांनी उभं राहून सांगितलं की वॉल्व्ह अर्ध्यात अडकला, आपला हात कमी पडला. आपण ते लिहून घेतलंत. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. काकांच्या नावावर हलगर्जीपणाचा शेरा बसला. पुढे वस्तीतल्या पोरांनी त्यांचं नाव अडकूकाका पाडलं. तुम्ही ऐकलंच असेल, त्यांच्या लेकीनेही ऐकलंय.

आता मला एक साधी शंका आहे. शिवणयंत्र एकदा अडकलं तर मी ते उघडते, साफ करते, नाहीतर मिस्त्रीला बोलावते. तो वॉल्व्ह चार उन्हाळे झाले तसाच आहे. समितीने तो दुरुस्त केला नाही. बदलण्याचा विषय एकाही सभेत निघाला नाही. माणूस गेला ज्या वॉल्व्हने, त्याकडे बघायला कुणी वर चढलं नाही. असं का झालं असेल? चिटणीस, तुम्ही खाली बघू नका, मी कुणाला विचारत नाहीये.

त्या संध्याकाळी मला शेजारच्या वहिनींनी घरात नेलं. माझ्या अंगाला काजळी होती, केसांत राख होती. त्यांनी मला मोरीत बसवलं आणि स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलं. फार मायेने घातलं, ते मी विसरणार नाही. महिनाभर आम्ही सगळेच ओल्या फडक्याने अंग पुसत होतो, आणि वहिनी माझ्या डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतत होत्या. मी इकडेतिकडे बघितलं. बादल्या भरलेल्या. घागर भरलेली. कुकर, परात, चहाची किटली, बाळाचा टब, सगळं काठोकाठ. टेबलावर फुलदाणी होती, तिच्यातही पाणी होतं. पुढचे दिवस मी या घरी त्या घरी जेवले, तुम्ही कुणी मला उपाशी ठेवलं नाही. प्रत्येक घरात मोरीपासून ओट्यापर्यंत भांडी भरलेली होती.

भोंगा वाजला. टाकीचं पाणी आता आगीवर संपणार, उद्या प्यायला काय, असं प्रत्येकाच्या मनात आलं. आणि नळाला इतक्या दिवसांनी असा जोर आला होता. कॉकपर्यंत कुणी गेलं नाही. सगळे बादलीकडे गेले.

मला राग आहे का? चिटणिसांना हेच विचारायचं होतं, त्यांना जमलं नाही. राग नाही. रडूही येत नाही. पहिल्या वर्षी वाटलं, उशिरा येईल. मग समजलं, येणार नाही. सुई बोटात जाते आणि कापडावर रक्ताचा ठिपका दिसतो तेव्हा मला कळतं की टोचली. त्या दिवसापासून मी अशी आहे. तुमची मापं घेते, तुमच्या मुलांचे गणवेश शिवते, आणि तुमच्याशी नीट बोलते. ते नाटक नाही. आत काही हलतच नाही, त्याला मी काय करू?

हे तेव्हाच का नाही सांगितलं, असं साहेबांना वाटत असेल. काका चौकशीनंतर माझ्याकडे आले होते. दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या. चाक फिरवून फिरवून सालं निघाली होती, डॉक्टरसाहेब, आपणच त्या बांधल्या होत्या. काका उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, वॉल्व्ह अडकला असं मी सांगून आलोय. तुम्हाला याच माणसांत राहायचंय. रोज कुणाच्या तोंडाकडे बघून ते आठवण्यापेक्षा माझ्याकडे बघून आठवा." मी मान हलवली. ते म्हणाले त्यात तथ्य होतं. मी इथे राहू शकले ती त्यांच्या त्या वाक्यावर.

मग आज का बोलते? परवा मी त्यांच्या कोटाचं माप घ्यायला गेले होते. आज त्यांच्या अंगावर आहे तो. हात वर करा म्हटलं, त्यांनी केले, आणि त्या अवस्थेत, भिंतीकडे बघत म्हणाले, "ताई, आता मलाच कळत नाही. वाटतं, खरंच अडकला असेल. नाहीतर पाणी का नाही चढलं?"

इतकी वर्षं खोटं अंगावर घालून हा माणूस ते खरं मानायला लागला आहे. उद्या ते लेकीकडे राहायला जातील. तिच्या घरी, परक्या खोलीत, दुपारच्या वेळी हेच मनात घोळवत बसतील. मला फारसं काही वाटत नाही असं मी म्हटलं. हे वाटलं. मापाची टेप माझ्या हातातून खाली पडली.

आभाराचं काम माझ्याकडे दिलंय, ते करते. अध्यक्षांचे आणि साहेबांचे आभार. सभागृह झाडून देणाऱ्या बायकांचे आभार. वहिनी, तुमचेही, त्या न्हाण्याबद्दल. मनापासून म्हणते. बोलण्याच्या ओघात कुणाला टोचलं असेल तर टाचण्या सांभाळणाऱ्या बाईचा हात चुकला असं समजून पोटात घाला.

पत्रिकेत शेवटचा कार्यक्रम छापला आहे, काकांच्या हस्ते भोंगा. मी अध्यक्षांना विनंती केली की नुसता भोंगा नको, वॉल्व्हही उघडू द्या. समितीतून पाणी वाया जाईल अशी हरकत आली. मी म्हटलं, चार उन्हाळे माझ्या त्या जळलेल्या घराचं पाणी कुणी वापरलेलं नाही, ते धरा. मग हरकत मागे घेतली. सुतारदादांनी कोपऱ्यावर पाइप जोडून ठेवला आहे, आमच्या घराच्या दिशेने. वरची भिंत आणि खिडकीची चौकट अजून उभी आहे. टाकीच्या कट्ट्यावरून ती सरळ दिसते.

काका, वॉल्व्ह तोच आहे. हात तुमचेच. आज सगळी वस्ती या सभागृहात बसली आहे, घरी बादलीजवळ कुणी नाही, आणि येताना सगळ्यांच्या फाटकाजवळचे कॉक मी बंद करत आले. चाक फिरवा आणि खिडकीकडे बघा.