पुस्तक सांगायची जागा

(तिवसा. रविवारची दुपार. सार्वजनिक वाचनालयाची खोली. सतरंजी अजून अंथरायची आहे.)

केशवराव: ये माय, ये. इकडं सरक, पंख्याखाली. जवळ बस अशी. तुले आज एक गोष्ट सांगतो. अशी गोष्ट, की कायले आली होती तेच विसरून जाशीन.

आकांक्षा: गोष्ट नको, आजोबा. चंदाताई, ही दोन पुस्तकं जमा करून घ्या. अन् हे कार्ड.

चंदा: कार्ड कशाला देतेस? मार्चपर्यंत चालतंय ते.

आकांक्षा: माह्याकडून संपलं.

केशवराव: अवो बाप्पा! हे काय बोलून राहिली पोट्टी? मधमाश्यांचं पुस्तक सांगून गेली, अन् त्या दिवसापासून गायब. मी दर रविवारी दाराकडं पाहतो. अकरावीचा अभ्यास असन म्हटलं, पाहुणे असतीन म्हटलं.

चंदा: खरंच आकांक्षा, तू गेल्यावर चार मुली नाव नोंदवायला आल्या. एक म्हणाली, मला पण मधमाशीसारखं नाचून दाखवता येतं. काका येण्याआधी या खोलीत काय होतं सांग? भरतीचे फॉर्म भरणारी मुलं आणि पेपर चाळणारे म्हातारे. तुमच्या वयाचं कोणी उंबरा ओलांडत नव्हतं.

केशवराव: अन् म्या काय केलं? काही नाही. कीर्तनातलं उचललं अन् इथं ठेवलं. मांगं चार पोट्टे टाळ धराले, एक जण समोर उभा, अन् आख्यानाच्या जागी पुस्तक. तुले त्या नारदाच्या गादीची, कीर्तनकार उभा राह्यते त्या जागेची, गोष्ट म्या कधी सांगितली काय?

आकांक्षा: नाही. अन् आता—

केशवराव: ऐक तं. गोष्ट झाल्यावर जायचं असन तं जा, मी दार अडवत नाही. मी होतो लहान. आमच्या गावात रिद्धपूरकडून एक बालकीर्तनकार आला. पोरगंच ते. धोतर सुटून जायचं त्याचं, त्याचा मामा मांगून खोचून द्यायचा. माहा बा गावचा मोठा माणूस. मिशीले पीळ, कोणापुढं मान वाकवायची नाही. मध्यंतराले हार घातला, बुक्का लावला, अन् एकदम आडवा झाला त्या पोराच्या पायावर! मांगून कोणी तरी हसलं. बा उठला, धूळ झटकली नाही, अन् म्हणे, पोराच्या नाही पडलो रे. ते जिथं उभं हाय तिथं नारद उभा राह्यते. मी जागेच्या पाया पडलो. तो बुक्क्याचा वास अजून नाकात हाय माह्या. म्हणून म्या इथं तसंच ठेवलं. जो पुस्तक सांगाले उभा राहीन, मंग तो कोणाचा बी असो, त्याले हार, त्याले बुक्का, अन् हा म्हातारा त्याच्या पाया पडीन.

आकांक्षा: माह्या नाही पडले.

केशवराव: काय?

आकांक्षा: माह्या पाया नाही पडले तुमी. हार घातला. बुक्का लावला. अन् दोन पावलं मांगं सरून हात जोडले.

केशवराव: असं कसं होईन? ... हा, हा! कंबर माय, कंबर! त्या दिवशी कंबर धरली होती माही.

आकांक्षा: माह्या मागून तुमच्या आळीतल्या किशोरची पाळी होती.

केशवराव: मंग?

आकांक्षा: त्याच्यापुढं इतके वाकले, का टोपी पडली तुमची. सारे हसले. किशोरनं उचलून दिली. तुमी म्हणाले, टोपी बी पाया पडली रे तुह्या.

केशवराव: ...चंदा, तुले आठवते काय गं असं काही?

चंदा: काका, पाणी देऊ?

केशवराव: पाणी नको. आठवते काय ते सांग.

चंदा: आठवतं. फोटो काढायला मोबाईल धरला होता मी. तुम्ही प्रत्येक वेळी वाकता, तोच फोटो ग्रुपवर टाकते ना. तुम्ही मागे सरलात आणि मी मोबाईल खाली केला.

केशवराव: म्हणजे तू पाह्यलं! अन् बोलली नाही मले?

चंदा: कशी बोलू? तुम्ही रागावून येणं बंद केलं असतं तर? हा रविवार तुमच्यावर उभा आहे. वाटलं, होईल विसर. अकोल्याला सासू-सासऱ्यांत पंधरा वर्षं अशीच काढली मी. गप्प राहायची सवय झालीय हो.

आकांक्षा: मले वाटे, ताई, तुमी पाह्यलं नसन. म्हणजे तुमी बी पाहून गप्प राहिल्या.

चंदा: मी पण, बाळा.

केशवराव: थांबा, थांबा दोघी. तुमी काय म्हणून राहिल्या ते मले समजते. मी जात पाहणारा माणूस हाय काय? हां? धर्मपालच्या, तुह्या बापाच्या घरी बसून चहा पेलो मी. तुह्या आजोबासोबत बोरं चोरली लहानपणी. अन् पोरींच्या पाया तं आमी तसेबी पडतो! भाची आली का मी चप्पल काढून पाया पडतो, दोन वर्षाची असो का वीसची. तुह्याच पाया पडाले मले काय लागत होतं?

आकांक्षा: तेच तं विचारून राहिली मी. काय लागत होतं?

केशवराव: आवाज नको चढवू.

आकांक्षा: तुमचाच चढला, आजोबा.

चंदा: काका, बसा जरा.

केशवराव: नाही बसत. ... तुह्या बापाले सांगितलं तू?

आकांक्षा: त्यायनंच पाह्यलं. नांदगावच्या कंपनीतून सुटी टाकून आले होते त्या दिवशी. मांगं दाराशी उभे होते. पोरगी पहिल्यांदा चार लोकांत बोलून राहिली म्हणून. घरी आले, शर्ट बदलला, चहा ठेवला. मी म्हटलं, बाबा, पाह्यलं काय? तं म्हणे, म्हातारा माणूस हाय, असू दे. साखर किती टाकू?

केशवराव: धर्मपाल असं म्हणे?

आकांक्षा: चिडले असते तं बरं झालं असतं. त्यायले नवलच नाही वाटलं. मले त्याचंच रडू आलं.

केशवराव: मी आठवून राहिलो. बोलू नका. ... पुस्तक तू लय भारी सांगितलं होतं. मधमाशी फुलाचा पत्ता नाचून सांगते, तिथं माह्या डोळ्यात पाणी आलं. मी हार घेऊन उठलो ते पडाचंच म्हणून उठलो. आईशप्पथ सांगतो. बुक्का लावला. गुडघा मोडला माहा, एक हात खाली गेला. इथवर. अन् हात थांबला.

चंदा: समोर भगवंतराव बसले होते.

केशवराव: हो. मंदिर कमिटीचे भगवंतराव. पहिल्यांदा आले होते ते. पण चंदा, ते काही बोलले नाही गं. पाहत बी नसतीन, पान लावून राहिले होते. त्यायच्यावर कसं ढकलू? मलेच काय तरी... म्या ठरवलं नाही. देवाशप्पथ, मनात काही आलंच नाही. हातच थांबला. अन् किशोरच्या वेळेस तोच हात गेला. मले तं कळलंच नाही.

आकांक्षा: मले कळलं.

केशवराव: हो. तुले कळलं. ... एवढी वर्षं कीर्तन ऐकलं. हजार वेळा ऐकलं असन का सारी माणसं सारखी. मान डोलवली. रडलो बी. अन् हाताले काहीच ऐकू नाही गेलं? थांब. थांब पोरी, उभी राह्य तशीच.

आकांक्षा: काय करून राहिले? आजोबा, उठा! ताई, उठवा न त्यायले!

केशवराव: पाय नको मांगं घेऊ. राहिलं होतं ते करून टाकू दे.

आकांक्षा: नको. मी आत्ता पुस्तक सांगून नाही राहिली. कार्ड परत कराले आली. तुमीच सांगितलं न आता, बा पोराच्या नाही, जागेच्या पाया पडले म्हणून? जागा तिथं हाय. रिकामी हाय. आता वाकले तं माह्यासाठी नाही, तुमाले रात्री झोप यावी म्हणून वाकसान.

चंदा: आकांक्षा!

केशवराव: बोलू दे तिले. खरं हाय. ... हात दे गं चंदा, उठव मले. आता खरंच धरली कंबर.

चंदा: सावकाश. भिंतीला टेका.

केशवराव: मंग असं करतो. आज सारे जमले का सगळ्यांसमोर सांगतो. भगवंतराव बी असतीन. सांगतो का म्या असं असं केलं.

आकांक्षा: सांगसान. अन् सारे म्हणतीन, पाहा, केशवरावाचं मन किती मोठं. टाळ्या तुमाले पडतीन. अन् मी कोण? जिच्या पाया पडले नव्हते ते पोट्टी. आता मले सारे मधमाशीवाली म्हणतात. तेच राहू द्या.

केशवराव: मंग म्या करू काय?

आकांक्षा: मले काय मालूम? तुमी मोठे आहा.

चंदा: तू निदान पुस्तकं तरी नेत जा. रविवारी नको येऊस. मंगळवारी ये, दुपारी कोणी नसतं.

आकांक्षा: कोणी नसतं तेव्हा कायले येऊ, ताई? अमरावतीच्या कॉलेजात वाचनालय हाय. तिथून घेईन.

चंदा: तिथं असा रविवार नसतो गं.

आकांक्षा: म्हणूनच.

केशवराव: तिचं कार्ड नको घेऊ, चंदा.

चंदा: काका, ती मागतेय तर कसं अडवू? एकदा गप्प बसले, आता हेही नाही ऐकलं तर... दे बाळा. सही कर इथं.

आकांक्षा: झालं?

चंदा: झालं. पण मग आजचं काय? फळ्यावर बघ, आज तुझ्या बहिणीचं नाव आहे. रागिणी. ती पण येणार नाही का?

आकांक्षा: येते न. चार वाजता येते. बाबा आणून सोडतीन.

केशवराव: रागिणी तुही धाकटी? ते आठवीतली, दोन वेण्यांची?

आकांक्षा: हो.

केशवराव: तू येत नाही, अन् तिले पाठवतं? काहून?

आकांक्षा: तिले मी काही सांगितलं नाही. महिन्यापासून ते समुद्राचं पुस्तक पाठ करून राहिली. घरभर टाळ वाजवत फिरते. बाबायले देवमासा करते अन् पाठीवर बसते. मी काय सांगू? नको जाऊ म्हणू? ते विचारीन, काहून? अन् एकदा सांगितलं का मंग तिले जिथं तिथं तेच दिसत राहीन, मले दिसते तसं. तेरा वर्षाची हाय ते. बाबा बी म्हणाले, नको सांगू.

केशवराव: धर्मपाल येईन? आत येऊन बसन?

आकांक्षा: दाराशीच उभे राहतीन. मागच्या वेळेसारखे.

चंदा: काका, भगवंतराव पण येताहेत. हार तेच आणताहेत आज. पहिल्या ओळीत बसतील.

केशवराव: बसू दे.

चंदा: तुम्हाला बरं वाटत नसेल तर मी सांगते, काकांची तब्येत—

केशवराव: नाही! तब्येतीचं नाव नको घेऊ. सतरंजी अंथर तू.

आकांक्षा: मी जातो. बाहेर बाबाची गाडी दिसली तं तिकडूनच निघून जाईन, तिले मी दिसाले नको. आजोबा...

केशवराव: बोल माय.

आकांक्षा: माह्यं जाऊ द्या. रागिणीची तेवढी आठवण ठेवजा. सकाळपासून नळापाशी बसून टाचा घासून राहिली ते. म्हणे, आजोबा पाया पडतीन, मळ दिसाले नाही पाहिजे.