चार बोल्टांवरची पिवळी खूण

मी, मोटार गॅरेजची मालकीण, वय ६१ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., राहणार गॅरेजच्याच वरच्या मजल्यावर, आज आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगते की, पती वारल्यापासून सतरा वर्षे मी व माझे धाकटे दीर मिळून हे गॅरेज चालवतो. दीर मिस्त्री आहेत.

सोमवारी सकाळी दहा वाजता एक शिक्षिका गाडी घेऊन आल्या. पुढच्या डाव्या चाकातून घरघर येत होती. बेअरिंग गेले होते, म्हणून चाक ज्यावर बसते तो अख्खा हब बदलायचे ठरले. दिरांनी गाडी जमिनीवर असतानाच मधला नट सैल केला, मग जॅक लावून चाक काढले, ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगला, डिस्क उतरवली आणि मागचे चार बोल्ट सोडले. हब गंजून चिकटला होता. हातोडीने ठोकून निघायला पाऊण तास लागला. "वहिनी, माहेरी आलेल्या लेकीसारखा हलायलाच तयार नाही हा," असे ते म्हणाले. मी हसले नाही.

नवा हब त्यांनीच बसवला. खांद्याचे ऑपरेशन झाल्यापासून ते बोल्ट नुसते लावतात. शेवटचे आवळणे माझ्याकडे असते. मापाच्या पान्याने आवळायचे, ठरलेला जोर लागून पाना टक् वाजला की त्या बोल्टवर पिवळ्या रंगाची खूण करायची. चारही खुणा दिसल्या की ते चाक चढवतात. रंगाच्या डबीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

त्या दिवशी शिक्षिका घाई करत होत्या. मी चारही खुणा आधीच करून टाकल्या. दोन बोल्ट आवळले, तेवढ्यात फोन आला. परत येऊन पाहते तो चाक चढलेले होते.

दीर म्हणाले, "वहिनी, टक् दोनदाच ऐकू आलं मला."

मी म्हणाले, "भाऊजी, कान तपासून घ्या. खूण दिसली ना?"

त्यांनी जॅक उतरवला. दोन बोल्ट राहिल्याचे मला त्या वेळी माहीत होते. चाक पुन्हा उतरवण्याचा मी कंटाळा केला.

बुधवारी वळणावर ते चाक हबसकट निखळले व गाडी भिंतीवर आदळली. शिक्षिकेचा हात दोन ठिकाणी मोडला आहे.

काल दिरांनी येथे येऊन, आवळणे आणि खुणा दोन्ही आपणच केल्याचे लिहून दिले व तेव्हापासून ते येथेच आहेत. ते खोटे आहे. तो पाना त्यांना ओढता येत नाही. हवा तर त्यांच्या हातात देऊन पाहावा. त्यांना घरी जाऊ द्यावे.

जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी त्यात 'नजरचुकीने' असा शब्द घातला होता, तो मी खोडायला लावला. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.